किल्ली पोहत नाही

तलावावर येणारा प्रत्येक माणूस घरून दोन गोष्टी घेऊन निघतो. एक पाण्यात शिरायची हौस आणि दुसरी गाडीची किल्ली. या दोघींचं आपसात मुळीच पटत नाही. बोट उलटली, पॅडलबोर्डवरून तोल गेला, मित्रांनी ढकललं, की हौस भागते आणि किल्ली तळाला जाते. म्हणून माणसं अक्कल चालवतात. कुणी किल्ली बुटात घालून बूट काठावर ठेवतो आणि नेमका तोच बूट कुत्रं तोंडात धरून पसार होतं. कुणी ती गाडीच्या टायरवर ठेवतो, म्हणजे चोराला आमंत्रणच धाडतो. एका पोक्त गृहस्थांनी तर पोहायच्या टोपीत, थेट टकलावर ठेवली होती. बाहेर आले तेव्हा टकलावर किल्लीचा ठसा होता, किल्ली नव्हती.

असल्या सगळ्या शहाण्यांसाठी धक्क्याजवळ एक लाकडी खोली आहे आणि तिच्या खिडकीत किल्लीबाई बसते. तिचं खरं नाव पगाराच्या वहीत आहे आणि तिथेच राहतं. खोली इतकी चिमुकली की दोघं आत शिरले तर तिसऱ्याने बाहेर उभं राहून श्वास घ्यावा. मागच्या भिंतीवर निळा फळा, त्यावर ऐंशी खिळे, प्रत्येक खिळ्याखाली आकडा. किल्ली खिळ्यावर जाते आणि त्याच आकड्याची रबरी पट्टी गिऱ्हाइकाच्या मनगटावर चढते. पट्टी किल्लीबाई स्वतः चढवते आणि दोनदा ओढून बघते. एक नंबरची पट्टी मात्र ती कुणालाच देत नाही. तो खिळा एकतीस वर्षं रिकामा होता. का, ते पुढे येईलच.

पट्टी चढवताना ती माणसाच्या कानांकडे बघते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, सकाळचा साबण राहिला की काय. पण तिचा हिशेब साधा आहे. पाण्यातून आलेला माणूस ओळखू येत नाही. केस चपटे, चष्मा गायब, ओठ निळे, पोट आत ओढून धरायचं भान सुटलेलं. "कान तेवढे जातात तसेच परत येतात," ती म्हणते. एकदा कुणाची तरी काठावर पडलेली पट्टी उचलून एक महाशय भारी गाडीची किल्ली मागायला आले. तिने मान वर केली, दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं आणि म्हणाली, "हे कान सकाळी आले नव्हते." महाशय आले तसे गेले, जरा जास्त वेगाने.

टेबलाखाली तिची एक बादली असते, ती गळ्यात घालायच्या वॉटरप्रूफ पाकिटांच्या परीक्षेसाठी. परवाच एकजण चकचकीत पाकीट मिरवत आला.

"बाई, हे तीस मीटर खोल चालतं. तसं छापलंय त्यावर."

"छापणाऱ्याने बुडवून बघितलं असेल तर चालेल हो. आपण बादलीत बघू."

तिने पाकिटात रद्दीचा बोळा घातला, तोंड बंद करून पाकीट बादलीत सोडलं, वर वीट ठेवली आणि दहा मिनिटं दुसऱ्यांच्या किल्ल्या घेत बसली. मग बोळा काढून त्याच्या तळहातावर पिळला. त्याने मुकाट्याने किल्ली खिडकीत ठेवली. ज्याचा कागद कोरडा निघतो त्याला मात्र ती अडवत नाही. "आत दोन बोटं हवा ठेवा, म्हणजे निसटलं तर तरंगेल," एवढं सांगून शाबासकी देते. पण असे दहात तीन.

नव्या गाड्यांच्या बिनदांड्याच्या किल्ल्यांसाठी तिच्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे. ह्या किल्ल्या जवळ असल्या की गाडी आपल्या मालकाला ओळखल्यासारखं करून कुणालाही दार उघडून देते. खोलीच्या भिंतीला लागूनच गाड्या उभ्या राहतात. एक दिवस एक आजीबाई भलत्याच पांढऱ्या गाडीत जाऊन बसल्या आणि पाण्याची बाटली कुणी हलवली म्हणून अर्धा तास कुरकुरत होत्या. तेव्हापासून असल्या किल्ल्या चांदीच्या कागदात गुंडाळून डब्यात जातात, झाकण घट्ट, आणि खिळ्यावर नुसती चिठ्ठी.

आणि तरीही कुणीतरी रडत येतंच. खिशात ठेवली होती, वाहून गेली, आता काय करू? किल्लीबाई अशा वेळी एकच वाक्य बोलते. तलावावरच्या सगळ्यांना ते पाठ आहे.

"किल्ली पोहत नाही. पडते तिथेच बसते. तुम्ही उडी कुठे मारलीत, बोट दाखवा."

माणूस बोट दाखवतो, बोटवाला तिथे बुडी मारतो आणि बहुतेक वेळा चिखलातून किल्ली घेऊन वर येतो.

अशी ही बाई. डॉक्टर, वकील, बँकेचे साहेब, सगळे तिच्या हातात लाखांच्या गाड्या सोपवून निर्धास्त पाण्यात पडतात. तिच्या घरी मात्र कपाटाची किल्ली तिला मिळत नाही.

ती किल्ली सासूबाईंच्या कमरेला. जुडग्यात तीन आहेत. एक कपाटाची, एक कोठीच्या खोलीची आणि एक अशा ट्रंकेची, जी आता कुठे आहे हे त्यांनाही आठवत नाही. चादर हवी, मागा. पाहुण्यांसाठी चांगले कप हवेत, मागा. वय त्र्याऐंशी, गुडघे गेलेले, पण किल्ली लावायला स्वतः उठणार. सून एकदा भीत भीत म्हणाली होती, "आई, द्या, मी काढते." सासूबाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे किल्ली टिकत नाही गं."

ह्या एका वाक्यासाठी एकतीस वर्षं मागे जावं लागतं.

लग्नाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. सासऱ्यांनी जुनी गाडी घेतली होती, घरातली पहिलीच. तिला किल्ली एकच. दुसरी आधीच्या मालकाने हरवलेली. सासऱ्यांनी त्या किल्लीला स्वतः कानशीने घासून पितळेचं पान करून लावलं होतं आणि ती रात्री उशीखाली घेऊन झोपायचे. गाडीत नऊ माणसं कोंबून सगळे ह्याच तलावावर आले. नव्या सुनेचा मान म्हणून सासरे म्हणाले, "धर सूनबाई. आजची जबाबदारी तुझी." तिने किल्ली रुमालात बांधली, रुमाल पिशवीत ठेवला आणि पायऱ्यांवरून गुडघाभर पाण्यात उतरली. दुपारी निघायच्या वेळी रुमाल होता, गाठही होती, किल्ली नव्हती.

मग काय विचारता. नऊ माणसं, पातेली, सतरंज्या, सगळी वरात बसने घरी आली. गाडी चार दिवस तलावावर उभी होती. सासरे काही बोलले नाहीत, ते सासूबाईंनी त्यांच्या वाटचं बोलून घेतलं. "आमच्या सुनेनं गाडी बुडवली" ही गोष्ट त्या इतक्या रंगवून सांगायच्या, की लांबच्या नातेवाइकांना गाडी खरोखरच तळाशी आहे असं वाटे. एका आतेभावाने तर विचारलं होतं, "वहिनी, तुम्ही काच फोडून बाहेर आलात का?"

तिला हसू येत नसे. आपण रुमाल पिशवीत ठेवला की हातात घेऊन पाण्यात उतरलो, हेच तिला हळूहळू आठवेनासं झालं. सगळे म्हणतात तर तसंच असेल. पुढचे तीन रविवार ती एकटी येऊन पायऱ्यांपाशी हातांनी चिखल चाळत बसली. तिसऱ्या रविवारी तलावाच्या मालकाने विचारलं, "बाई, काय शोधता?"

"किल्ली."

"इथे रोज दोन पडतात. तुम्ही असं करा, पडायच्या आधीच धरत जा. बसायला खुर्ची देतो."

अशी ती खिडकीत बसली. पहिल्याच दिवशी एक नंबरचा खिळा तिने सासऱ्यांच्या किल्लीसाठी राखून ठेवला. सासरे वारले, गाडी भंगारात गेली, खिळा तसाच.

आता नवऱ्याविषयी. नवरा शिंपी. बाजाराच्या तोंडाशी त्याचं एका शटरचं दुकान आहे. माणूस गरीब गाय. सकाळचा चहा तो करणार, बायकोचा डबा तो भरणार, बसस्टॉपपर्यंत पिशवी तो धरणार. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण देत आणि नवरे त्याच्यावर खार खात. त्याची एकच खोड होती. दुकानात कुणीही पोहायची चड्डी दुरुस्तीला टाकली, की नाडी बसवता बसवता तो तिचे खिसे शिवून बंद करून टाकायचा. दुहेरी टीप. गिऱ्हाइकं भांडायची. "पोहायच्या चड्डीला खिसा कशाला?" एवढंच तो म्हणायचा आणि पुन्हा मशीनवर वाकायचा. पूर्वी तो उत्तम पोहायचा. लग्नाच्या पहिल्या महिन्यानंतर मात्र पाण्यात पाय घातला नाही. जबाबदारी आली की माणूस गंभीर होतो, असं बायकोला वाटायचं.

यंदा तलावाचा पाणी अडवणारा दरवाजा दुरुस्त करायचा म्हणून पाणी सोडलं. आठ दिवसांत तलावाचा तळ उघडा पडला. किल्लीबाई गमबूट चढवून, बादली घेऊन चिखलात उतरली. चष्मे निघाले, तीन मोबाइल निघाले, एक कवळी निघाली, जिची मालकी अजून कुणी कबूल केलेली नाही. किल्ल्या तर बादलीभर. चालत चालत ती जुन्या लाकडी मचाणाच्या खांबांपाशी पोचली. हे मचाण खोल पाण्यात, काठापासून चांगल्या ऐंशी पावलांवर. पट्टीचे पोहणारेच तिथवर जातात आणि वरून उड्या मारतात. तिथे खांबाच्या बुडाशी काहीतरी टोकदार वर आलं होतं. तिने बोटांनी चिखल पुसला.

पितळेचं पान. खाली किल्ली.

आधी तिला नुसता आनंद झाला. किल्ली छातीशी धरून ती चिखलात उभ्या उभ्या हसली. मग तिने मान वळवून पायऱ्यांकडे पाहिलं. मग मचाणाकडे. मग पुन्हा पायऱ्यांकडे. ती स्वतः गुडघ्यापलीकडे गेली नव्हती. किल्ली पोहत नाही. मग ऐंशी पावलं ही आली कशी? त्या दिवशी नऊ माणसांत पोहता येणारं एकच होतं, आणि ते सध्या बाजाराच्या तोंडाशी खिसे शिवत बसलं होतं.

गमबूट न काढताच ती दुकानात गेली. नवरा तोंडात टाचण्या धरून कापड बेतत होता. तिने किल्ली कापडावर ठेवली. त्याने पाहिलं. एकेक टाचणी तोंडातून काढून त्याने डबीत ठेवली, अगदी सावकाश, जणू तेवढ्यात आणखी एकतीस वर्षं जातील.

"कुठे मिळाली?" त्याने विचारलं.

"तू सांग, कुठे मिळाली असेल!"

लग्नापासून पहिल्यांदा 'अहो' गळून पडलं होतं. तो स्टुलावर बसला.

"टॉवेल गाडीत राहिला होता. तुझ्या पिशवीतून किल्ली घेतली, रुमालाला परत गाठ मारून ठेवली. टॉवेल आणला आणि किल्ली चड्डीच्या खिशात टाकली. म्हटलं, देऊ नंतर. तेवढ्यात तू पायऱ्यांवरून माझ्याकडे बघत होतीस."

"मग?"

"मग मी मचाणावर गेलो. कोलांटी मारून उडी मारली. तू बघत होतीस म्हणून."

ती उडी तिला आठवत होती. तिने टाळ्या वाजवल्या होत्या.

"कळलं कधी तुला?"

"तू रुमाल सोडलास तेव्हाच. खिसा उलटा होऊन बाहेर लोंबत होता. शेजारी बाबा. त्यांचं तोंड बघून माझी दातखीळ बसली. म्हटलं, उद्या सांगू." त्याने डबीचं झाकण लावलं. "मग रोजच उद्या आला."

किल्लीबाईला असा संताप आला की समोरची कात्री तिने स्वतःच उचलून खणात ठेवली. एकतीस वर्षांचा चहा! एकतीस वर्षांचे डबे! "हे सगळं तू भीतीपोटी करत होतास?" तिने विचारलं.

"पहिलं वर्षभर भीतीनं," तो खरं तेच बोलला. "पुढे पुढे तुला चहा दिल्याशिवाय मलाच करमेना."

राग काही गेला नाही, पण त्याला जरा तडा गेला. ती दाराशी जाऊन थांबली. "आईंना तुम्ही सांगायचं. स्वतःच्या तोंडानं. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही," ती म्हणाली, आणि 'अहो' अर्धंमुर्धं परत आलं.

रविवारी जेवताना त्याने सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"तू बुडवलीस?"

"हो."

"आणि मी हिला बोलत राहिले? गावभर सांगत राहिले?"

"हो, आई."

सासूबाईंनी घास तोंडात टाकला, नीट चावला, गिळला. "ऊठ. आजपासून ताट स्वतःचं स्वतः घासायचं." छप्पन्न वर्षांचा मुलगा मुकाट्याने उठला. सुनेला त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. दुपारी चादर हवी होती. त्या स्वतः उठल्या, कपाट उघडलं, चादर काढून दिली आणि पुन्हा कुलूप लावलं. जुडगा कमरेला. तो खट्ट आवाज ऐकून किल्लीबाईला फार वाईट वाटलं. तिला वाटलं होतं, खरं बाहेर आलं की सगळं आपोआप होईल. तिने पितळेच्या पानाची किल्ली तलावावर नेली आणि एक नंबरच्या खिळ्याला अडकवली. निदान तो खिळा तरी भरला.

दरवाजा दुरुस्त झाला, तलाव पुन्हा भरला. पहिल्या रविवारी लोक नुसते तुटून पडले. खिडकीपुढे रांग लागली. किल्लीबाई खाली मान घालून किल्ल्या घेत होती, पट्ट्या चढवत होती. पुढचं माणूस आलं. सवयीने तिने आधी कान पाहिले. लांब पाळ्या, ओघळलेली भोकं. हे कान ती रोज सकाळी चहाच्या कपामागे बघत होती.

"आई? तुम्ही? इतक्या लांब, एकट्या?"

"बस आहे की. नऊ माणसं गेली होती एकदा त्याच बसनं." सासूबाईंनी काठी खिडकीला टेकवली. "मला पाण्यात पाय बुडवायचेत. किल्ल्या भिजायला नकोत."

त्यांनी कमरेकडे हात नेला. जुडग्याचा आकडा जुना, बोटं वाकडी, वेळ लागला. रांगेत मागे कुणीतरी खाकरलं. सासूबाईंनी वळून त्याच्याकडे फक्त पाहिलं आणि त्याचा घसा बरा झाला. जुडगा खिडकीच्या फळीवर आला. कपाट, कोठी आणि हरवलेली ट्रंक.

"नीट ठेव," त्या म्हणाल्या. मग जरा हळू म्हणाल्या, "तू ठेवतेसच म्हणा. चूक माझी झाली गं."

किल्लीबाईने जुडगा एक नंबरच्या खिळ्यावर, सासऱ्यांच्या किल्लीवरच अडकवला. एक नंबरची पट्टी कधी वापरलेलीच नव्हती. रबर अजून ताठ होतं. ती त्या सुरकुतलेल्या मनगटावर चढवून तिने दोनदा ओढून पाहिली.

सासूबाई पायऱ्या उतरल्या. गुडघाभर पाण्यात, काठी रोवून, चांगली पंधरा मिनिटं उभ्या राहिल्या. किल्लीबाई दोन गिऱ्हाइकांच्या मधून बघत होती. मग त्या वर आल्या, पाय झटकले आणि खिडकीवरून पुढे थेट बसस्टॉपकडे निघाल्या.

"आई! किल्ल्या राहिल्या!"

सासूबाईंनी मागे न बघता पट्टीचा हात वर केला. "राहू देत तुझ्याकडे. पट्टी आहे माझ्याकडे. आणि येशील तेव्हा खालच्या खणातली पांढरी चादर काढ, ही फार विटली."

"बाई, माझी किल्ली," पुढचा भिजलेला माणूस खिडकीतून म्हणाला. किल्लीबाईने मान वर करून त्याच्या कानांकडे पाहिलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. कान काही केल्या दिसेनात.

"पट्टी दाखवा," ती म्हणाली.